मतदानाआधीचे ४८ तास आणि मत मांडण्याचा अधिकार

प्रश्न : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत १८ नोव्हेंबरच्या सायंकाळी जाहीर प्रचार थांबला, भोंगे बंद झाले, पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर उमेदवारांच्या चित्रफिती २० तारखेच्या सकाळपर्यंत येतच होत्या. मग हे निर्बंध नेमके कोणावर आहेत? सामान्य मतदाराने त्या काळात आपले मत लिहिणे गुन्हा ठरेल का?

उत्तर १ : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा, मिरवणुका आणि चित्रपट, दूरचित्रवाणी वा तत्सम साधनांतून निवडणूकविषयक मजकूर दाखवणे निषिद्ध असून, भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वृत्तपत्रांचा तेथे उल्लेख नाही. म्हणूनच मतदानाच्या सकाळी पानभर जाहिराती झळकतात, फक्त त्यांना निवडणूक आयोगाचे पूर्वप्रमाणन, म्हणजे छापण्याआधीची मंजुरी, लागते. समाजमाध्यम कंपन्यांनी २०१९ मध्ये आचारसंहिता स्वीकारली खरी, पण ती ऐच्छिक आहे.

उत्तर २ : माझा आक्षेप मुळाशी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तीवरील निर्बंधांची जी कारणे दिली आहेत, त्यांत ‘निष्पक्ष निवडणूक’ हे कारण शब्दशः कोठेही नाही. त्यामुळे कलम १२६ चा अर्थ जितका संकुचित लावला जाईल तितके बरे.

उत्तर ३ : सभाबंदीस माझी हरकत नाही. मात्र पैसे मोजून केलेला प्रचार आणि नागरिकाने स्वतःच्या खात्यावर लिहिलेल्या चार ओळी यांना एकाच मापाने मोजू नये, आणि हा भेद आचारसंहितेवर न सोडता संसदेने कायद्यातच स्पष्ट करावा.