माजी खेळाडू कोच आहे म्हणून दुप्पट फी भरावी का? (मुलांचं बेसबॉल)

गोटीसोडा (न्यू जर्सी)
मुलगा दहा वर्षांचा आहे. आतापर्यंत गावच्या लिटल लीगमध्ये (लहान मुलांची स्थानिक लीग) खेळला, आता घरात ट्रॅव्हल टीमची, म्हणजे फी भरून गावोगाव टूर्नामेंट खेळणाऱ्या निवडक टीमची, टूम निघाली आहे. दोन टीमच्या ट्रायआउट (निवड चाचण्या) दिल्या आणि दोन्हीकडून बोलावणं आलं. एकीचा कोच कॉलेजात डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटात, कॅचर (बॅटरच्या मागे बॉल पकडणारा) होता, पुढे मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्येही थोडा खेळला. दुसरीचा कोच टीममधल्याच एका मुलाचा बाप. नोकरीने इंजिनिअर, हायस्कूलनंतर बेसबॉल सुटलेलं. पहिल्या टीमची फी जवळजवळ दुप्पट, तरी ओळखीतले सगळे देशी पालक तिकडेच पळतायत. 'माजी टॉपर शिकवतात' या पाटीवर क्लासला गर्दी करायची सवय आपण इथेही घेऊन आलोय.

माझं मत असं की दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कोच स्वतः कुठवर खेळला याला फारसा अर्थ नाही. मुलांशी बोलायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंय का, ते बघावं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लिटल लीगच्या कोचांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही कोचांना सीझनआधी एक छोटी कार्यशाळा दिली होती. चांगलं केलं की लगेच सांगा, चुकलं की ओरडण्याऐवजी धीर द्या आणि काय करायचं ते दाखवा, एवढाच गाभा. पुढच्या वर्षी या कोचांची ५ टक्के मुलं खेळायला परत आली नाहीत. कार्यशाळा न केलेल्यांची २६ टक्के. हार-जितीच्या हिशोबात मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

तर दुप्पट पैसे नेमके कशाचे?

डावखुरा
असहमत. त्या अभ्यासातून कोचला प्रशिक्षण द्यावं एवढंच निघतं. माजी खेळाडू नको, असं कुठे निघतं? कार्यशाळा कॅचरलाही देता येते. इंजिनिअर बाबांना एका दुपारच्या कार्यशाळेत बॅटचा स्विंग बघायचा डोळा कसा येणार?

गावच्या लीगमध्ये बाबालोक काय शिकवतात ते सगळ्यांनी ऐकलंय. 'मागचं कोपर वर!' हे एकच वाक्य पिढ्यानपिढ्या चाललंय. मूल बॉलला घाबरून मागे सरकतंय, तिथे कोपराचा काय संबंध? जो खेळलाय त्याला ते दोन स्विंगमध्ये दिसतं.

आणि डॅडी बॉलबद्दल, म्हणजे बाप कोच असला की स्वतःच्या मुलाला झुकतं माप देतो त्याबद्दल, कुणी बोलणार आहे का? कोचचा मुलगा कायम शॉर्टस्टॉपला, कायम बॅटिंगमध्ये वर, आणि आपलं पोर बॉल क्वचित येतो त्या राइट फील्डला गवत उपटतंय. बाहेरच्या पगारी कोचचा मुलगा टीममध्ये नसतो. मी दुप्पट फी भरतो ती बरीचशी याचसाठी.

शार्लटची मावशी
डॅडी बॉलचं शंभर टक्के खरं. पण 'खेळलेल्या माणसाला कळतं' हे मी नाही मानत. खेळून पार पडलेल्यांनाच आपण कोच म्हणून भेटतो हो. ज्यांचा खांदा सोळाव्या वर्षी गेला ते कुठे येणार कोचिंगला? त्यामुळे 'आम्ही असेच खेळलो, आम्हाला काय झालं' हे पालुपद सुरू होतं.

माझ्या भाच्याच्या टीमचा कोच मायनर लीगमधला माजी पिचर (बॅटरला बॉल टाकणारा). शनिवारी भाच्याकडून एक अख्खी मॅच पिच करून घेतली आणि रविवारी फायनलला परत उभं केलं. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली पिच स्मार्ट नावाचे नियम काढले, त्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (टाकलेले बॉल), आणि ६६ च्या वर गेला तर पुढे चार दिवस सुट्टी. लिटल लीगने तर २००७ पासूनच पिच मोजायला घेतल्या. ट्रॅव्हलच्या बऱ्याच टूर्नामेंट मात्र अजून इनिंग मोजतात, आणि एका इनिंगमध्ये दहा पिच पडतात की पस्तीस, कोण बघतंय?

२००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या टॉमी जॉन ऑपरेशनांचा (कोपराचा फाटलेला अस्थिबंध बदलण्याचं ऑपरेशन) अभ्यास झालाय. निम्म्याहून जास्त पेशंट १५ ते १९ वयाचे. हे एका रात्रीत होत नाही, दहाव्या-अकराव्या वर्षापासून साठत येतं.

डावखुरा
मावशी, तुमचा संताप पोचला, पण रोख चुकलाय. ट्रॉफीसाठी पोराचा हात पिळणारे बाबालोक मी याहून जास्त पाहिलेत. आणि धोक्याची घंटा वाजवतंय कोण? २०१५ साली मेजर लीगचा माजी पिचर जॉन स्मॉल्ट्झ कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधला सर्वोच्च सन्मान) गेला. टॉमी जॉन होऊन तिथे पोचलेला तो पहिला पिचर. तिथल्या भाषणात त्याने पालकांनाच सुनावलं, की बेसबॉल हा वर्षभर खेळायचा खेळ नाही, मुलांना दुसरेही खेळ खेळू द्या. माजी खेळाडूच बोलला ना?

नाईट शिफ्ट
स्मॉल्ट्झला ते बोलणं परवडतं. मेजर लीगमध्ये वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला तुमच्या डिसेंबरच्या फीची गरज नाही.

तुमच्या गावात कोच म्हणून येतो तो वेगळा माणूस. खेळाडूंच्या युनियनच्या २०२३ च्या करारापर्यंत मायनर लीगच्या सिंगल ए या खालच्या पातळीवर वर्षाचा पगार ११,००० डॉलरच्या आसपास होता. करारानंतर तो २६,२०० झाला. त्याआधी २०२१ मध्ये मेजर लीगशी जोडलेल्या मायनर लीग टीम १६० वरून १२० वर आणल्या. ड्राफ्टच्या (मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्या) फेऱ्या ४० होत्या, त्या आता २०. म्हणजे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी मोकळी झालेली, खिशात काही नसलेली आणि बेसबॉलशिवाय दुसरं काही न केलेली मुलं दरवर्षी बाहेर पडतात. लेसन देणं हे त्यांना येणारं आणि लगेच पैसे देणारं काम. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

पण पुढचं गणित बघा. तो कुणाच्या तरी इनडोअर फॅसिलिटीत काम करतो किंवा स्वतःचं शेड भाड्याने घेतो. भाडं बारा महिने चालू असतं. मग दहा वर्षांच्या मुलाला 'हिवाळ्यात थांबलास तर मागे पडशील' हे सांगणं भाग पडतं. माणूस चांगला असेलही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हात पूर्ण विश्रांतीवर ठेवा असा सल्ला त्याने दिला तर त्याचं भाडं कोण भरणार? फुकट काम करणाऱ्या बाबांना हा मोह नसतो. त्यांना दुसरा असतो, तो वर डावखुऱ्यांनी सांगितलाच.

बाराखडी
आचरेकर सर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. पुढचं सांगायला नको.

डावखुरा
येणारच होतं हे! अहो, आचरेकर सर मुंबईच्या मैदानांवर क्लब क्रिकेटमध्ये मुरलेले होते. हायस्कूलला बॅट ठेवून दिलेल्या बाबांशी त्यांची तुलना करताय? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कॅल रिपकन सीनिअर घ्या. मायनर लीगमध्ये कॅचर, मेजर लीगमध्ये एकही मॅच नाही, पण बाल्टिमोर ओरिओल्स या मेजर लीग टीमच्या खेळाडूंना शिकवण्यात हयात गेली. असाच माणूस मला मुलासाठी हवा.

बाराखडी
बरं. पण तो वर्षानुवर्षं शिकवत होता म्हणून तसा झाला, कॅचर होता म्हणून नाही.

कॉलेजवाला
मी इथेच वाढलो, मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. मी कॉलेजमध्ये खेळलो आणि आता नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कोच करतो, फी घेऊन.

अवघड काय असतं सांगतो. ज्या गोष्टी आपल्याला कधी कुणी शिकवल्याच नाहीत, त्या शिकवणं. वर उडालेला बॉल कुठे पडणार हे मला बॅटच्या आवाजावरून कळतं, पण मुलाला ते कसं सांगायचं? शिवाय त्यांचं मैदानच वेगळं. लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवरून टाकतो, मोठ्यांमध्ये ६० फूट ६ इंचांवरून. मोठ्यांची ड्रिल जशीच्या तशी लहानांना देणारे कोच आहेत, नाही म्हणणार नाही.

पण पालकांनीही आरशात बघावं. मी कॉलेजात खेळलो हे कळल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये प्रश्न येतो, 'याला स्कॉलरशिप मिळेल का?' मूल नऊ वर्षांचं! डिव्हिजन वनमध्ये अगदी परवापर्यंत अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्याही तुकडे करून वाटायच्या. हे सांगितलं की चेहरे पडतात, आणि काही जण पुढच्या वर्षी 'जास्त सिरियस' टीममध्ये जातात. हिवाळ्यात सुट्टी घ्या म्हणणारा कोच तुम्हाला खरंच हवाय का?

शार्लटची मावशी
कॉलेजवाल्या, तू शार्लटला राहत असतास तर भाच्याला आजच तुझ्याकडे पाठवलं असतं रे. तू पिच मोजतोस ना?

कॉलेजवाला
मोजतो काकू. एका आईला क्लिकर देऊन ठेवलाय, माझ्यावर कुणी विश्वास ठेवायला नको.

गोटीसोडा (न्यू जर्सी)
चर्चा छान चाललीय, पण माझं मत बदललेलं नाही. कॉलेजवाल्यांचं सगळं पटलं, पण ते चांगले कोच आहेत ते कॉलेजात खेळले म्हणून नव्हे.

डावखुरा
खेळले नसते तर त्यांना आवाजावरून बॉल कळला नसता. तुम्ही इंजिनिअरकडे जा, आम्ही कॅचरकडे जातो. जूनमध्ये भेटूच मैदानावर.

नाईट शिफ्ट
दोघांनाही एक विनंती. मूल मध्येच दुखावलं तर उरलेली फी परत मिळते का, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या. फॉर्मच्या शेवटच्या पानावर असतं, बारीक अक्षरात.