१४२८५७ची गोष्ट फिरत्या अंकांवर संपत नाही

या संख्येवरच्या धाग्यात वर कुणी म्हटलंय की १४२८५७ला २ ते ६ने गुणलं की तेच अंक गोल फिरतात, ७ने गुणलं की ९९९९९९ येतं, आणि गणितज्ञ कापरेकरांचा संबंध फक्त ६१७४शी (चार अंक उतरत्या-चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारी संख्या). गुणाकारांचं बरोबर, कापरेकरांचं नाही. आपल्या डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या द. रा. कापरेकरांचं नाव ज्या संख्यांना आहे, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज घेतली की मूळ संख्याच परत येते, त्यात १४२८५७ही बसते. वर्ग करा: २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक तोडून बेरीज घ्या, २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. योगायोग वाटतो, पण कारण साधं आहे. आधीची संख्या १४२८५६ म्हणजे ७ × २०४०८. तो ७ आपल्या १४२८५७ला भेटला की ९९९९९९ तयार होतं, म्हणून दोघींचा गुणाकार ९९९९९९च्या पटीत येतो. हा गुणाकार म्हणजे वर्गातून मूळ संख्या वजा केलेली, आणि सहा अंक तोडून बेरीज घेणं म्हणजे वर्गातून ९९९९९९च्या पटी काढून टाकणं. बस, एवढंच लागतं.

आता धाग्यात न आलेली गंमत. दहा लाखांतून १४२८५७ वजा केली की उरणारी ८५७१४३ही तशीच निघते! यंदा रत्नागिरीत काकांकडे आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर हिशेबाच्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. वर्ग ७३४६९४१२२४४९, बरोब्बर बारा अंकी, काठोकाठ मावला. ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३. शेवटचे सहा अंक दोन्ही वर्गांत तेच आहेत, आणि ते तसे असणारच: दहा लाखांतून वजा केलेल्या संख्येच्या वर्गाची शेपूट बदलत नाही. काकांचा प्रश्न वेगळाच होता, “पेट्यांची बेरीज पुसलीस काय रे?”