ब्रिज पिकअप बदलायचाय: १४.८ किलोओहमचा काढून ८ चा टाकू का?

तुटकी_तार:
इलेक्ट्रिक गिटार एचएसएस आहे, म्हणजे तारांचा कंप टिपणारे तीन पिकअप: ब्रिजजवळ (तारा अडकतात तिथे) दोन वेटोळ्यांचा हमबकर, मध्ये आणि नेकजवळ (दांड्याकडे) एकेका वेटोळ्याचे सिंगल कॉइल. मधल्या आणि नेकच्या सिंगल कॉइलवर माझा जीव आहे, भांडण फक्त ब्रिजच्या हमबकरशी. गेन (अँपचा आवाज फाटवणारा नॉब) जरा चढवला की जाड तारांवरच्या कॉर्डचा गिचका होतो. वर तळहाताने सगळ्या तारा दाबून धरल्या तरी अँप किंचाळतोच. मल्टिमीटर लावला तर १४.८ किलोओहम. ॲल्निको ५ चुंबकाचा, ८ किलोओहमचा एक पिकअप मनात भरलाय. पण आकडा निम्मा म्हणजे जोरही निम्मा का? सोल्डरचा डाग देता येतो मला, आजवर दोनच पॉट (नॉबखालचे पोटेन्शिओमीटर) जाळलेत.

कथीलवाला:
त्या आकड्याने बऱ्याच जणांना फसवलंय. तो नुसता पिकअपच्या वेटोळ्यातल्या तारेचा रोध. तेवढेच वेढे ४२ ऐवजी ४३ गेजच्या बारीक तारेने घातले तर रोध वाढतो, आवाज नाही. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली हमबकर बनवला, त्या वळणाचे पिकअप साधारण ७ ते ९ च्या घरातच असतात आणि त्यांच्यावर दणदणीत रॉक वाजतं. जोर थोडा कमी होईल, तो गेनच्या नॉबने भरून काढा. जाड तारा मात्र सुट्या सुट्या ऐकू येतील.

पण आधी फुकटचा उपाय. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) तार दाबा आणि पिकअपपासून अंतर मोजा. जाड बाजूला २ मिमीपेक्षा कमी असेल तर स्क्रू फिरवून पिकअप खाली घ्या. किंचाळण्याचं दुखणं वेगळं: पेचकसाने पिकअपवर हलकेच टकटक करा. अँपमधून ठणठणीत टकटक आली तर आतली वेटोळी सैल आहेत.

वेटोळे:
सैल असतील तर मेण पाजा. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, ६५ अंशांच्या आसपास. थेट आचेवर नको, मेण पेट घेतं.

कथीलवाला:
पहिल्याच खेपेला हे सांगू नका हो! मी एकदा तापमान न मोजता केलं, बॉबिन (वेढे गुंडाळायची चकती) केळीसारखं वाकलं.

वेटोळे:
थर्मामीटर नव्हता, त्यात मेणाचा काय दोष? असो. नवा घेणार असाल तर जोडणीच्या चार वायरींचाच घ्या. वेगळ्या कंपनीचा हमबकर मधल्या पिकअपसोबत लावला की कधीकधी फेज उलटी पडते, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात, दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पातळ, नाकातला येतो. चार वायरी असतील तर हमबकरच्या दोन टोकांची अदलाबदल करायची, उघडी शील्डची वायर तेवढी ग्राउंडलाच ठेवायची. आणि ब्रिजवर तारांमधलं अंतर मोजा. पहिली ते सहावी ५२ मिमीच्या आसपास असेल तर रुंद मापाचा मागा.

तुटकी_तार:
मोजलं. जाड बाजूला जेमतेम १ मिमी! अडीचवर नेला, गिचका निम्म्याहून कमी झाला. पण टकटक केली तर शेजारच्या खोलीतून "कोण आलंय?" अशी विचारणा झाली. तेव्हा ८ वालाच घेतोय, चार वायरींचा. ब्रिजवर ५२.५ भरले, म्हणजे रुंद मापाचा. जुना काढला की त्याच्यावर मेणाचा प्रयोग करेन, थर्मामीटर घेऊन.