शब्दचर्चा : ‘नानि उरेशिकारो’ – कसला आलाय आनंद?

प्रश्न : जपानी शिकतेय. ‘उरेशी’ म्हणजे आनंद वाटणं, एवढं ठाऊक आहे. क्योतोतल्या ताकेदा भागातल्या ‘ताकेदा नो कोमोरीउता’ या लोकगीतात ओळ आहे, ‘बोन गा किता तोते नानि उरेशिकारो’. मी अर्थ लावला, ‘बोनचा सण आला, किती आनंद होईल!’ पण चाल तर रडवेली. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : ‘नानि’मध्ये. ते ‘किती’ नव्हे, ‘काय’. ‘तोते’ म्हणजे ‘आला म्हणून काय झालं’, आणि ‘-कारो’ हे ‘असेल’ सांगणारं जुनं रूप. तिन्ही जोडा : ‘बोन आला म्हणून कसला आलाय आनंद?’ कारण लगेच पुढे आहे : ‘काताबिरा वा नाशि, ओबि वा नाशि’. काताबिरा म्हणजे उन्हाळ्यात घालायचा बिनअस्तराचा किमोनो, ओबि म्हणजे त्याचा कमरपट्टा. दोन्ही नाहीत.

बोनला पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा. दिवे लागतात, रात्री सगळं गाव गोल धरून नाचतं. चाकरीतल्या माणसांना एरवी सुटी नसे, ती नववर्षाला आणि बोनला मिळे. म्हणजे वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहायची, त्याच दिवशी अंगावर घालायला काही नाही! ही ओळ वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

आणि कृपा करून याला ‘अंगाई’ म्हणू नका. शब्दकोशात कोमोरीउता म्हणजे अंगाई, खरं. पण इथे गाणारी आई नाही. परक्याचं मूल पाठीवर बांधून हिंडणारी, स्वतःच पोरवयाची ‘मोरी’ आहे ती. बोननंतर बर्फ भुरभुरेल, मूल रडेल, आता नको वाटतं हे काम, असं ती म्हणते. १९७१ साली ‘आकाई तोरी’ या गटाने हे गाणं जपानभर पोचवलं, तेव्हा कित्येकांनी ते निव्वळ गोड गाणं म्हणून ऐकलं असेल.

प्रश्नकर्ती : आता असं केलंय – ‘बोन आला म्हणून कसला आलाय आनंद? ना नवं लुगडं, ना करगोटा.’ चालेल?

उत्तर : पहिला अर्धा तसाच ठेवा, एक अक्षरही हलवू नका. लुगडं मात्र काढा. ती पोरगी आपल्याकडची होते मग. ‘ना काताबिरा, ना ओबी’ एवढंच पुरे. आणि करगोटा तर आत बांधतात, ओबी सगळ्यांना दिसते. नाचात नेमकी तीच नसणार.