मदत हवी आहे: मधल्या ठिपक्यांवरचे ठोकळे उठून दिसत नाहीत

प्रश्न (अमळनेर)
कानबाईच्या सणासाठी ओट्यावर ठोकळ्यांची (उभे घन दिसतात ती) रांगोळी काढायची आहे. सरावाला 15 ते 8 ‘मधले ठिपके’ घातले, म्हणजे मधली ओळ 15 ची, दोन्हीकडे एकेक कमी होत 8 पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. दोन ठिपक्यांत 6 सेमी, दोन ओळींतही 6 सेमी. लाल, पिवळा, हिरवा भरून वरून पांढऱ्या रेषा ओढल्या. सगळं सपाट दिसतं, ठोकळे कुशीवर पडल्यासारखे वाटतात. फरशी शहाबादी आहे. काय चुकतंय?

उत्तर 1 (धुळे)
ताई, आधी अंतर सुधारा. मधले ठिपके समभुज त्रिकोणावर बसतात, म्हणून ओळींतलं अंतर ठिपक्यांतल्या अंतराच्या 0.866 पट हवं: 6 सेमीला 5.2. तुमची रांगोळी 84 बाय 84 भरली असेल, ती 84 बाय 73 भरायला हवी. हिशेब नको असेल तर पुठ्ठ्याचा 6 सेमी बाजूचा त्रिकोण कापा आणि टोकाटोकाला ठिपके ठेवत जा. सुरुवात मधल्या 15 च्या ओळीपासून, खडू लावलेला दोरा ताणून. कडेच्या 8 पासून निघालात तर तिरकेपणा ओळीगणिक वाढतो.

उत्तर 2 (भुसावळ)
अंतर बरोबर झालं तरी ठोकळे कुशीवरच राहतील, कारण तुमच्या ओळी उंबऱ्याला समांतर असणार. ठोकळ्याला उभी कड लागते आणि आडव्या ओळींत कुठल्याच ठिपक्याच्या बरोबर खाली शेजारचा ठिपका नसतो. ओळी उंबऱ्याशी काटकोनात घाला, बघणारा पायरीकडून बघतो असं धरून.

आता 15 च्या ओळीतला 2, 5, 8, 11, 14 वा ठिपका म्हणजे ठोकळ्याचा मध्य. भोवतीचे सहा ठिपके जोडून षटकोन करा. मध्यापासून तीनच रेषा: एक सरळ खाली, दोन वर डावी-उजवीकडे. शेजारच्या 14 च्या ओळीत मध्य 3, 6, 9, 12. एवढं जमलं की षटकोन फट न ठेवता एकमेकांत बसतात.

प्रश्नकर्ती
ओळींचं लक्षातच आलं नव्हतं! रंग तेच ठेवू का?

उत्तर 2 (भुसावळ)
नको. डोळ्याला उजेड-सावली लागते, तीन वेगळे रंग नाही. लाल आणि हिरवा बहुधा सारखेच गडद पडतात. मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा, लगेच कळेल. एकच निळा घ्या. वरची बाजू पांढरी, डावी वाटीला वाटी पांढरी मिसळून, उजवी निव्वळ निळी. हा क्रम एकाही ठोकळ्यात उलटू देऊ नका. राखाडी घेऊ नका, शहाबादीत विरतो. पांढऱ्या रेषा तर अजिबात नकोत; त्यांनी बाजू सुट्या पडतात. खडूच्या रेषा रंगाखाली झाकून टाका.

पाँपेईतल्या रोमन घरांत हीच नक्षी दगडी फरशीत आहे, तीही तीन छटांवरच उभी आहे.

उत्तर 1 (धुळे)
एकटक बघितल्यावर ठोकळे उलटे, आत गेलेले दिसले तर ती चूक समजू नका. या नक्षीत दोन्ही अर्थ असतातच. आणि कडेला ठोकळ्यांच्या अर्ध्याच बाजू, म्हणजे अर्धे समभुज चौकोन उरतील, त्यांत जवळच्या ठोकळ्याच्या त्याच बाजूची छटा भरा.