परदेशी पोरांचे लाड म्हणता, एकदा त्यांची फाईल बघा

बेगमपुरावाला: काल ग्रुपवर एकानं टाकलं, "आपल्या लेकरांना होस्टेल मिळंना अन् विद्यापीठात परदेशी पोरांसाठी वेगळा मदत कक्ष, कशाला हे लाड". डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय. माझ्या वरच्या खोलीत येमेनचा पोरगा होता, पीएचडीला. २०१५ ला तिकडं लढाई भडकली अन् घरून पैसे यायचे बंद झाले. त्याची प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल अजून डोळ्यासमोर हाय, बोनाफाईड, भाडेकरार, गाईडचं पत्र, व्हिसा वाढवायला सगळं लागायचं अन् बोनाफाईडवर एक शिक्का राहिला म्हणून चार चकरा. दरवेळी "उद्या या". व्हिसाची तारीख थांबत नसती ना! त्याचा कागद हातात घेऊन सही होईस्तोवर कुणीतरी उभं राहावं, एवढंच मागायलोय.

बीडची आई: चकरा आमच्या पोरींनी नाही मारल्या का? माझी पोरगी दोघींच्या खोलीत चौथी, वर्षभर गादी जमिनीवर. तिच्या संगं ऊसतोड्याची पोरगी होती, फॉर्मवर सही पाहिजे तर बाप कारखान्यावर. तिला कुठला कक्ष? वरून यूजीसीनं २०२२ ला परदेशी पोरांना २५ टक्क्यांपर्यंत जागा दिल्या.

बेगमपुरावाला: ताई, त्या मंजूर जागांच्या वरच्या, वाढीव आहेत. आपल्या लेकरांची एकबी जात नाही.

बीडची आई: जागा वाढीव, पण खाटा वाढीव हायेत का? गाईड?

नांदेडचा संशोधक: ताईंचं हे बरोबर आहे, मान्य करावंच लागतं. पण खाटा कमी त्याचा राग पाहुण्यावर काहून? खडकी, म्हणजे आपलं आताचं संभाजीनगर, १६१० ला वसवणारा मलिक अंबर हबशी होता, आफ्रिकेतून आलेला. बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले, तिथं तेही परदेशीच. खरी लूट घरमालक करायलेत. एकाच वाड्यात मला साडेतीन हजार अन् माझ्या सुदानी मित्राला सात. करार मागितला की "खोली सोड". कराराशिवाय परदेशी नागरिक म्हणून करायची सरकारी नोंदणी अडते, अन् ती भारतात आल्यापासून १४ दिवसांत करायची.

टीव्ही सेंटर: मीपण घरमालक आहे, सगळे चोर का? मे महिन्यात टँकर कोण आणतं? करार केला की पोलिसांचे फोन मला येतात, तुम्हाला नाही.

नांदेडचा संशोधक: टँकरचे पैसे वेगळे घेता, त्याची पावती कधी दिली?

टीव्ही सेंटर: तोंड सांभाळून बोला. दोन वर्षं एका पोराचं भाडं थकलं तरी बाहेर काढलं नाही मी.

बेगमपुरावाला: भांडू नका. मी त्या येमेनच्या पोराचा सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं द्यायची माहिती, २४ तासांच्या आत ऑनलाईन भरला होता, शेजारी बसून त्यानंच सांगितलं कुठं काय टाकायचं, चहा निवायच्या आत झालं. पोलिसांचा एकदाच फोन आला, तो पण नीट बोलले.

टीव्ही सेंटर: मग ते कसं भरायचं ते टाका इथं. पण दुप्पट भाड्याचं माझ्या नावावर खपवू नका.

बीडची आई: शिक्क्याचं मला पटलं. पण कक्ष करायचाच तर त्याच टेबलावर आमच्या पोरींचेबी अर्ज घ्या, जिच्या बापाला कारखान्यावरून येणं जमत नाही तिचे. तर माझी ना नाही. अन् खाटांचं अजून कुणीच बोललं नाही.