करारात ‘कन्सल्टंट’, पण रोज थंब आणि रजेचा अर्ज: पीएफ-ग्रॅच्युइटी मागता येते का?

चौकट_रेषा
पुण्यातली खासगी कंपनी, माणसं साधारण ६०. काम पॅकेजिंग डिझाइनचं. ११-११ महिन्यांचे ‘कन्सल्टन्सी’ करार, मध्ये दोन दिवसांचा खंड, अशी सव्वासहा वर्षं. महिन्याला ठरलेले ४२,०००, त्यातून १० टक्के टीडीएस. साडेनऊ ते साडेसहा थंब, लॅपटॉप कंपनीचा, बाहेरचं काम घ्यायला बंदी, रजा मॅनेजर मंजूर करणार. मागच्या महिन्यात मेल पाठवून करार संपवला, दोन महिन्यांचे ८४,००० अडकलेत. आजवर इनव्हॉइस कधी मागितलं नव्हतं, आता एचआर म्हणतं, ‘इनव्हॉइस पाठवा, मग बघू.’ पाठवावं का?

कोर्टाची_पायरी
पाठवू नका. सहा वर्षांत जो कागद कधी लागला नाही, तो आत्ताच का हवा झाला? तुमच्या हातचं ते एक इनव्हॉइस पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवलं जाईल. त्याऐवजी साधं पत्र द्या: अमुक दोन महिन्यांचं ‘थकीत वेतन’ द्यावं. रजिस्टर्ड पोस्टाने, शिवाय मेलने.

करारात ‘कन्सल्टंट’ लिहिलं म्हणून कोणी कन्सल्टंट होत नाही. काम कसं, कधी, कोणाच्या साधनांनी करायचं हे कोण ठरवतं, ते कोर्ट पाहतं. १९६१ च्या बिर्दीचंद शर्मा निकालात नागपूरचे विडी कामगार नगावर पैसे घेत होते, यायची-जायची वेळही पक्की नव्हती, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवलं. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस प्रकरणात शिंपी काम घरी नेत, दुसऱ्या दुकानांचंही शिवत. पण शिलाई यंत्रं बहुतेक दुकानाची, आणि शिवण पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा हक्क मालकाचा. ते नोकरच ठरले. तुमच्याकडे तर बाहेरच्या कामाला बंदीच आहे.

उलट बाजूही सांगतो, कारण समोरचा वकील ती काढणारच. शंकर बालाजी वाजे प्रकरणात विडी वळणाऱ्यावर यायचं-जायचं बंधन नव्हतं, तिथे कामगार पक्ष हरला. म्हणून हजेरीचा पुरावा सगळ्यांत मोलाचा.

डिझाइन हे कुशल, तांत्रिक काम. पगार जास्त म्हणून ‘कामगार’ या व्याख्येतून माणूस बाहेर पडत नाही. महिन्याला १८,००० पगाराची मर्यादा फक्त सुपरवायझरी (देखरेखीच्या) कामाला आहे. अनेक एचआरवाले हे मुद्दाम उलटं सांगतात.

आता मुदती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू आहेत. वेतन संहितेनुसार काढून टाकल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो, वेतनाच्या दाव्याला ३ वर्षं मिळतात. काढून टाकण्याबद्दलचा वाद मात्र समेट अधिकाऱ्याकडे २ वर्षांच्या आत न्यायचा.

ताळेबंद
पैशांचं मी सांगतो.

ग्रॅच्युइटी: ४२,००० × १५ ÷ २६ × ६ = सुमारे १,४५,३८५. वरचे तीन महिने धरत नाहीत, सहा महिन्यांहून जास्त असते तर सातवं वर्ष मिळालं असतं. दोन दिवसांच्या खंडाला घाबरू नका. वर्षात २४० दिवस भरले की सेवा सलग धरली जाते, आणि तो खंड असल्या हिशेबासाठीच घातलेला असतो हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक असतं. अर्ज ३० दिवसांत करायचा, उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही.

पीएफमध्ये मात्र खाच आहे. रुजू होतानाच पगार १५,००० च्या वर आणि आधी कधीच पीएफ नसेल, तर कंपनीवर सक्ती नाही. मग कामगार ठरूनही पीएफ मिळणार नाही. आधीच्या नोकरीचा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) आहे का, आणि पैसे पूर्ण काढले होते का?

चौकट_रेषा
यूएएन आहे, पैसे तसेच आहेत. पण शेवटच्या तीन वर्षांचं रिटर्न सीएने ४४-एडीएखाली (स्वतंत्र व्यावसायिकांसाठीचं आयकराचं कलम) भरलंय.

ताळेबंद
यूएएन जिवंत असेल तर रस्ता मोकळा. १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० तुमचे, १,८०० कंपनीचे. ७५ महिन्यांचे २,७०,०००, व्याज आणि दंड वेगळा. मागच्या काळातला तुमचा हिस्साही कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही, तिलाच भरावा लागतो. तक्रार ईपीएफआयजीएमएस या पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर करा आणि त्यात ‘७-ए चौकशी व्हावी’ (कंपनीकडे किती पीएफ थकलाय हे ठरवणारी चौकशी) असं स्पष्ट लिहा. नाहीतर ‘सदर व्यक्ती कर्मचारी नाही’ या कंपनीच्या एका ओळीवर तक्रार बंद होते.

रिटर्नचा मुद्दा ते काढतील. उत्तर असं: टीडीएस कोणत्या कलमाखाली कापायचा हे कंपनीने ठरवलं, तुम्ही नाही. शिवाय वर्षाचे ५,०४,००० पगार म्हणून दाखवले असते तर ५०,००० ची स्टँडर्ड डिडक्शन आणि रिबेट धरून कर शून्यच येत होता. कर वाचवायला तुम्ही फ्रीलान्सर झालात, असं म्हणायला त्यांना जागा उरत नाही. (डिझायनरला ४४-एडीए बसतं का, हा वेगळा वाद, तो सीएशी घाला.)

उद्यम_बिद्यम
कोणी एमएसएमई समाधानवर (लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीचं सरकारी पोर्टल) जा असं सुचवेल म्हणून आधीच लिहितो. तो उपाय खऱ्या फ्रीलान्सरसाठी फार चांगला आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) कामाआधीची हवी. मग लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने दर महिन्याला चक्रवाढ व्याज. पण तिथे गेलात की ‘मी स्वतंत्र पुरवठादार’ हे तुम्हीच लिहून दिलं. दोन्ही डगरींवर हात ठेवू नका.

कोर्टाची_पायरी
बरोबर. आता पुरावे. २६-एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा उतारा) आयकर पोर्टलवरून काढा, तिमाही फॉर्म १६-ए (टीडीएसचा दाखला) कंपनीने दिले असतील ते जोडा, दरमहा तीच रक्कम दिसणं हेच बोलकं आहे. हजेरी अ‍ॅपचे स्क्रीनशॉट, रजामंजुरीचे मेल, आयकार्ड, अप्रेझलचं पत्र, उशिरा आल्याबद्दलची एखादी ताकीद असेल तर सोन्याहून पिवळं. स्क्रीनशॉट-मेलच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आणि ग्राहकांच्या डिझाइन फाइल्स चुकूनही स्वतःच्या मेलवर घेऊ नका, उलटा दावा तिथूनच येतो.